प्रतिसाद: खिडकी आणि उजेड
खिडकीचा फोटो आतून काढताना बाहेरचे दृश्य पांढरे पडते किंवा खोली काळोखात बुडते, ही आपण मांडलेली अडचण खरी आहे. मात्र बाहेरचे दृश्य आणि खोली, दोन्ही एकाच फोटोत वाचवण्याचा आपला हट्ट मला पटत नाही. वाईजवळच्या मेणवलीत, नाना फडणविसांच्या कृष्णाकाठच्या वाड्यात मी बाहेरच्या उजेडावर एक्स्पोजर लॉक केले, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते त्या उजेडानुसार पक्के केले, तेव्हा लाकडी चौकट जवळजवळ काळी झाली आणि जमिनीवर उतरलेला उजेडाचा पट्टाच चित्राचा विषय ठरला. (छायाचित्रणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या टॅल्बट यांची १८३५ सालची, आजही टिकून असलेली निगेटिव्ह इंग्लंडमधील लेकॉक ॲबी या त्यांच्या घराच्या जाळीदार खिडकीचीच आहे, याचे मला फार अप्रूप वाटते.) लाकडाचा पोत हवा असेल, तर सूर्य कललेला असताना, उजेड तिरपा येत असतानाच जावे.