गाडीच्या पोटाखालची स्टेपनी: आपापले अनुभव आणि युक्त्या लिहा

पंचवटीकर
काल मुंबई नाक्यावर एक व्हॅन पंक्चर होऊन उभी होती. चालक मागे आडवा होऊन आत हात घालतोय आणि स्टेपनी काही खाली येत नाही! खूप जुनं आठवलं, म्हणून धागा काढला. पावसाळाभर चिखल उडून विंचच्या (स्टेपनी साखळीने किंवा तारेने खालीवर करणाऱ्या यंत्राच्या) आत बसतो, वाळला की घट्ट होतो. वर्षातून दोनदा तरी स्टेपनी पूर्ण खाली सोडून परत वर घ्या. एकदा पावसाळ्याआधी, एकदा दिवाळीच्या आसपास. तुम्ही काय करता?

टॉमी_पाना
विंचवाल्या गाडीत जॅकच्या टॉमीचं (फिरवायच्या लोखंडी दांडीचं) टोक बंपरच्या भोकातून किंवा डिकीच्या मॅटखालून विंचच्या दांड्यात बसवायचं. घड्याळाच्या उलट फिरवलं की खाली, सुलट फिरवलं की वर. साखळी किंवा तार सैल होईपर्यंत सोडा, मग चाकाच्या मधल्या भोकातली पट्टी तिरकी करून काढा. वर घेताना पट्टी भोकात सरळ बसली का ते बघा, तिरकी राहिली तर चाक लोंबकळतं. ‘कट’ आवाज येईपर्यंत फिरवायचं आणि शेवटी हाताने हलवून बघायचं. हललं तर अजून घट्ट झालेलं नाही. आणि स्टेपनी नसली तरी साखळी वर गुंडाळून ठेवा, लोंबती राहिली तर रस्त्यावर आपटते.

सिन्नर_फाटा
नायट्रोजन भरावा का स्टेपनीत? पंपावाला फार आग्रह करतो.

घाटवाट
मागचंच चाक पंक्चर झालं की खरी गंमत जाते. गाडी बसते आणि स्टेपनी खाली आली तरी बाहेर ओढायला जागाच उरत नाही. अशा वेळी आधी मागची बाजू जॅकवर थोडी उचला, मग स्टेपनी ओढा. त्याआधी गाडी गिअरमध्ये घालून हँडब्रेक ओढायचा, समोरच्या चाकांना दगड लावायचे, माणसं खाली उतरवायची. काढलेली स्टेपनी लगेच गाडीच्या कडेखाली आडवी सरकवा, जॅक सटकला तर गाडी तिच्यावर बसेल. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली डोकं घालू नका, कृपा करून. कसाऱ्याच्या उतारावर तर अजिबातच नाही, सपाट जागा मिळेपर्यंत हळूहळू पुढे गेलेलं बरं. टायर कामातून गेला तरी चालेल.

निफाडची_द्राक्षं
आमच्या भागात पाळणा (स्टेपनी ठेवायची खालची लोखंडी चौकट) असलेल्या गाड्या जास्त. डिकीत मागच्या बाजूला बोल्ट असतो, व्हील पान्याने सैल करायचा, पूर्ण काढायचा नाही. मग एका हाताने पाळणा किंचित वर उचलून हुक सोडवायचा, कारण सगळं वजन हुकवर असतं. न उचलता हुक ओढला तर पाळणा पायावर येतो. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावत जा. आणि डिकी भरण्याआधी विचार करा. द्राक्षाचे क्रेट वर ठेवले की बोल्ट खाली गाडला जातो.

सातपूर_एमआयडीसी
जाम झालेल्या विंचवर इम्पॅक्ट गन (नट झटक्याने फिरवणारं मशीन) लावू नका, आतला गिअर किंवा क्लच फुटतो. दांड्यात आणि साखळीच्या तोंडाशी गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. सकाळी थोडं वर, थोडं खाली, असं झुलवत सोडवा. तरीही येत नसेल तर चाकाखाली दुसरा जॅक लावून वजन हलकं करा. काही गाड्यांत तार तुटली तर चाक पडू नये म्हणून वेगळी कडी अडकते, ती चाक वर उचलल्यावरच सुटते. तारेचे पदर उसवलेले दिसले तर तार बदला, गाठ मारून चालत नाही.

रामकुंड
@सिन्नर_फाटा हवेत तसाही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट मिळाला तर घ्या, पैसे देऊन गरज नाही. हवा बघितली जाणं महत्त्वाचं. वापर नसला तरी टायरची हवा महिन्याला एक-दोन पीएसआयने (हवेच्या दाबाचं माप) उतरते.

सिन्नर_फाटा
धन्यवाद 🙏 पण गाडीखाली घुसून बघणार कोण?

रामकुंड
व्हॉल्व्हला लांब एक्स्टेन्शन नळी बसवून टोक बंपरपाशी आणा, टायरवाल्याकडे मिळते. मात्र जोड गळतो का ते साबणाच्या पाण्याने तपासा. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर पूर्ण लोडचा आकडा असतो, स्टेपनीत तेवढी भरायची. कोणत्याही चाकाला लावली तरी नंतर कमी करता येते.

गंगापूर_रोड
पोटाखालून स्टेपनी चोरीला जाते त्याचं काय? कुलूपवाली साखळी लावलीय, पण किल्ली घरी राहिली तर!

घाटवाट
किल्ली गाडीच्या किल्लीलाच बांधा. आणि हो, जॅक, टॉमी, पाना सीटखाली एकत्र ठेवा. वणीच्या गडावर सहलीच्या सामानाखाली सगळं दबलेलं असतं.

पंचवटीकर
टायरचं वय पण बघा रे. टायरच्या बाजूवर छापलेल्या डीओटी कोडच्या शेवटी चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा. खाच पूर्ण शिल्लक असली तरी रबर वाळतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी, दहा झाली की फेका. आणि नवीन गाडी घेणाऱ्यांनी विचारून घ्या, २०२० च्या नियमानुसार ट्यूबलेस टायर, दुरुस्ती किट आणि हवेच्या दाबाचा सेन्सर असेल तर काही प्रवासी गाड्यांना स्टेपनी सक्तीची नाही.

सिन्नर_फाटा
स्टेपनी आकाराने लहान मिळालीय, ती किती पळवायची?

टॉमी_पाना
बाजूवर ८० लिहिलेलं असेल तर ताशी ८० च्या पुढे नाही, आणि पंक्चरवाल्यापर्यंतच. नट चांदणीच्या क्रमाने (ओळीने नाही, समोरासमोरचे) आवळा, शंभरेक किलोमीटरच्या आत परत एकदा पाना लावा.