लोखंडी कंड्युटचे (वायरी ज्यातून नेतात त्या पाइपचे) आटे घट्ट बसले असतील, तर अर्थिंगची वेगळी वायर कशाला?

शेडवाला:
शेडमध्ये नवीन वायरिंग चालू आहे. २० मिमीचे लोखंडी कंड्युट, ओतीव लोखंडाचे आटेवाले जंक्शन बॉक्स. वायरमन म्हणतो पाइप हीच अर्थिंग, सुपरवायझर म्हणतो आतून हिरवी वायर न्यायलाच हवी. मी वायरमनच्या बाजूने आहे. पाइपची जाडी १.६ मिमी, म्हणजे पोलादाचं छेदक्षेत्र ९२ चौरस मिमीच्या आसपास. पोलादाचा रोध तांब्याच्या आठ-नऊ पट धरला, तरी पाइप १० चौरस मिमी तांब्याच्या तोडीचा ठरतो. त्यापुढे अडीच चौरस मिमीची हिरवी वायर काय करणार?

पाना-पक्कड:
साहेब, पाइपचा हिशेब बरोबर आहे. पण पाइप कुठे दगा देतो? दगा सांधा देतो. आट्यांवर काळा रंग राहिला, कुणी सफेदा (सांध्यात भरायची पांढरी पेस्ट) फासला, दोनच आटे धरले, की पुढचं सगळं अर्थिंगविना. समजा एका सांध्यात २० ओहम रोध आला आणि मोटरच्या बॉडीला फेज लागला. करंट जाईल साडेअकरा अँपिअर. १६ अँपिअरची एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) पडणारच नाही. बॉडीवर जवळजवळ २३० व्होल्ट उभे राहतील आणि त्या एका सांध्यात अडीच किलोवॉटहून जास्त उष्णता निघेल. ही आग लागायची तयारीच आहे.

शिकागोकर:
अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडचं कलम २५०.११८ लोखंडी कंड्युटलाच अर्थिंगचा कंडक्टर मानतं. आमच्या शिकागोत घरांतही धातूचा कंड्युट लागतो आणि कित्येक घरांत हिरवी वायर नसते. मात्र तोच कोड सांध्यासांध्यात फरक करतो. स्फोटक वायूच्या जागी पाच पूर्ण आटे बसलेला, पान्याने आवळलेला सांधा चालतो. पत्र्याच्या बॉक्सच्या भोकात दोन चेकनट (आतून-बाहेरून आवळायचे चपटे नट) लावून केलेल्या सांध्यावर तिथे बाँडिंगसाठी, म्हणजे धातूचे भाग विजेच्या दृष्टीने पक्के जोडण्यासाठी, विसंबता येत नाही. तुमचे सगळे सांधे आट्यांचे आहेत का?

शेडवाला:
बॉक्स सगळे आटेवाले. डीबी (एमसीबी बसवलेली मुख्य पेटी) तेवढी पत्र्याची, तिथे चेकनट आहेत.

पाना-पक्कड:
म्हणजे साऱ्या शेडचा फॉल्ट करंट जिथून परतणार, तिथेच सगळ्यात कच्चा सांधा! डीबीवरचा पावडर कोटिंगचा थर खरवडला होता का? सीपीडब्ल्यूडीच्या (केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या) स्पेसिफिकेशनमध्ये आट्यांचे सांधे करून कंड्युट अखंड ठेवा असंही आहे आणि सोबत लूप अर्थिंगची (एका पॉइंटवरून पुढच्यावर सलग नेलेली) वायर टाका असंही आहे. एकाच्या बदली दुसरं नाही.

मल्टिमीटर:
आमच्याकडे मल्टिमीटरने पाइपची कंटिन्युइटी (जोड सलग आहे का ते) मोजली, शून्य पूर्णांक काहीतरी ओहम आला. मग अडचण काय?

पाना-पक्कड:
मल्टिमीटर काही मिलिअँपिअर सोडतो. गंजातून केसाएवढा धातू टेकला असला तरी तो बीप देईल. तोच स्पर्श १०० अँपिअरला क्षणात जळून जातो. काही अँपिअर सोडणारा टेस्टर लावा आणि मोजताना पाइप हलवून पाहा.

जुना ठेकेदार:
वायरवाल्यांनाही एक विचारतो. आटे पाडल्यावर पाइपच्या तोंडाची आतली धार रीमरने (धार घासायच्या हत्याराने) मारली नाही, तर ओढताना फेजचं इन्सुलेशन सोलतं आणि पाइपलाच करंट येतो. दोन्हीकडे सांधा सैल असेल, तर त्या तुकड्याला आतली हिरवी वायर काय उपयोगाची? तिच्यावरही इन्सुलेशन असतं. पाइप जिवंत राहतो आणि सॅडलवरून (पाइप धरणाऱ्या पट्टीवरून) शिडी चढणाऱ्याला धक्का बसतो. म्हणून वायर आहे ना, मग सांधे कसेही आवळा, ही सवय मला जास्त धोक्याची वाटते. शिवाय वायर ओढली म्हणजे बॉक्सच्या अर्थ स्क्रूला जोडली असं नव्हे, नुसती पिळून ठेवलेली मी खूप पाहिली आहे.

मल्टिमीटर:
३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) लावला की वाद मिटला.

जुना ठेकेदार:
२० ओहमच्या सांध्यावर तो पडेल, मान्य. पण सांधा पूर्ण तुटला असेल, तर गळती सुरू व्हायला माणसाचा हात लागावा लागतो. आणि ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं यंत्र), वेल्डिंगच्या मशीनवर तो सारखा पडतो म्हणून बायपास करणारे कारखाने आहेत. आरसीसीबी हवाच, पण अर्थिंगच्या जागी नको.

शेडवाला:
रीमरचा मुद्दा पटला, डीबीचाही. मशीनच्या सगळ्या लाइनमध्ये हिरवी वायर टाकतो आणि डीबीचा रंग खरवडून बाँडिंग करतो. लाइटच्या लाइनवर मात्र आटेवाला पाइप पुरेसा आहे, यावर मी ठाम आहे.

पाना-पक्कड:
लाइट कुठे टांगलेत? छपराच्या लोखंडी कैचीलाच ना? पत्रा गळला की पहिलं पाणी त्याच बॉक्समध्ये शिरतं. तिथेही टाका.