केक मार्बल, मांजर मार्बल, मग दगडाला काय म्हणायचं?

रेघोट्या: हल्ली दोन रंग एकमेकांत फिरवले की झालं मार्बल. केक, नेलपॉलिश, मोबाईलचं कव्हर, काहीही. संगमरवरातल्या रेघा मूळ चुनखडीतल्या चिकणमाती न लोहाच्या ऑक्साईडमुळे येतात, जमिनीखालच्या उष्णतेनं न दाबानं तयार होतात आणि दगडाच्या आत खोलवर जातात. नुसतं दिसण्यावरून तेच नाव कशालाही चिकटवायचं म्हणजे अतीच आहे.

शाईचा_डाग: साफ असहमत! आतपर्यंतच बघायचं तर केक पास होतोय की, कापला तरी नक्षी असतेच. नापास होतो मार्बल पेपर, म्हणजे रंगांच्या लहरींची नक्षी नुसती वरवर उठवलेला कागद, आणि त्याला तर कित्येक शतकं हेच म्हणतात. पाणी डिंकानं नाहीतर समुद्री शेवाळानं दाट करायचं, रंगात बैलाचं पित्त घालायचं म्हणजे थेंब बुडत नाही, वरच पसरतो, दुसरा थेंब टाकला की पहिला बाजूला सरकतो पण मिसळत नाही, मग सुई किंवा कंगवा फिरवून तुरटी लावलेला कागद अलगद टेकवायचा. एकदा ठसा उचलला की हुबेहूब तसा दुसरा निघत नाही. म्हणून तर १७७५ साली अमेरिकेच्या २० डॉलरच्या नोटेची एक कड मार्बल केली होती, नकली नोटा छापणाऱ्यांना चाप म्हणून.

उगाचच: दोघंही दगडाला चिकटून बसलात राव. हाच कागद फारसीत अबरी, म्हणजे ढगाळ. जपानी सुमिनागाशी म्हणजे वाहती शाई. १७व्या शतकात विजापूरला या तंत्रानं घोड्यांची चित्रं केलीत, तिथे कुणाला संगमरवर आठवला असेल?

रेघोट्या: म्हणजे माझाच मुद्दा झाला ना, दगडाचा संबंध नाही तर दगडाचं नाव कशाला?

शाईचा_डाग: कारण चालतंय आणि नेमकं चालतंय. ईशान्य भारतातल्या एका रानमांजराच्या शास्त्रीय नावातच मार्मोराटा आहे, लॅटिनमध्ये म्हणजे संगमरवरासारखी. तान्ह्या बाळाला गार लागलं की कातडीवर जांभळट जाळी उमटते, त्यालाही डॉक्टर मार्मोराटाच म्हणतात. मांसात तर मार्बलिंग म्हणजे स्नायूच्या आतली चरबी, कडेची धरतच नाहीत, जपानात त्याला १ ते १२ आकडे देतात. एवढा काटेकोर अर्थ असताना शब्द ढिला झाला कसं म्हणता?

रेघोट्या: आणि मार्बलचा फोटो छापलेलं लॅमिनेट? तेही काटेकोर का?

उगाचच: ते मात्र नाही हां. थोड्या थोड्या अंतरानं तीच रेघ परत येते त्यात, नीट बघा.