तो त्रिकोण आधी खाली उतरवा

ताम्रपट: काल या धाग्यावर कुणीतरी युरोपातल्या सरंजामशाहीचा त्रिकोण टाकलाय. वर राजा, मग सरदार, मग नाइट (घोडेस्वार योद्धे), तळाशी भूदास (जमिनीला बांधलेले शेतकरी). खाली टीप: ‘732 ला फ्रँकांचा (आजच्या फ्रान्सकडचे लोक) सत्ताधीश मार्टेल याने अरबांना हरवलं, रिकिबी आल्या, घोडदळासाठी जमिनी वाटल्या, झालं!’ वाहवाही बघून राहवलं नाही. आठव्या शतकातल्या फ्रँक थडग्यांत रिकिबी तुरळक सापडतात. मुळाशी आहेत चर्चच्या जमिनी. मार्टेलने त्या आपल्या माणसांना दिल्या, बिशप ओरडले, मग त्याच्या मुलाने, कार्लोमानने, 743 ला एस्टिनच्या सभेत तोड काढली: कब्जा शिपायाचा, मालकी चर्चची, दर कुळामागे वर्षाला 12 दिनार (चांदीची नाणी) खंड, धारक मेला की जमीन परत. कितीशी परत आली ते सोडा.

आणि त्रिकोण? तेराव्या शतकातला तूलचा जॉन नावाचा सरदार एकाच वेळी चौघा धन्यांचा बांधील होता. त्यातले दोघे, ग्रांप्रेचा काउंट (प्रांताचा सरदार) आणि शांपान्यची काउंटेस, यांची जुंपली तर आपण जातीने ग्रांप्रेकडून लढू, काउंटेसकडे तिच्या जमिनीपोटी देणं असलेले नाइट पाठवू, असं त्याने लिहूनच दिलं. बसवा याला त्रिकोणात.

पाचर: अपवाद दाखवून नियम मोडत नसतो. 1066 ला नॉर्मन विल्यमने जिंकल्यानंतरचं इंग्लंड घ्या. सगळी जमीन अखेर राजाकडून धरलेली, 1086 ला सॅलिसबरीत विल्यमने जमीनधारकांकडून थेट शपथ घेतली. आणि काउंटपद बापाकडून मुलाकडे जायला फ्रँक राजा टक्कल्या चार्ल्सचा 877 चा कीर्झीचा हुकूम आहेच.

ताम्रपट: इंग्लंड जिंकलेला मुलूख होता, म्हणून तिथे वरून वाटता आलं. दक्षिण फ्रान्समध्ये कुणाचंच देणं न लागणाऱ्या जमिनी ढिगाने होत्या. कीर्झी नीट वाचा: टक्कल्या चार्ल्स इटलीत असताना इकडे काउंट मेला तर काय, एवढीच सोय आहे त्यात.

पाचर: आणि चार्ल्स त्याच मोहिमेवरून परतताना ऑक्टोबरात मेला. तात्पुरती सोय कायमची व्हायला आणखी काय लागतं?

गावकुस: शपथा झाल्या असतील तर तळाकडे बघा. साधारण 30 एकरवाल्या भूदासाला आठवड्याचे दोन-तीन दिवस मालकाच्या शेतात वेठ, सुगीत वर जादा. लेकीच्या लग्नाला पैसे भरा, मेलात तर गोठ्यातलं सर्वांत चांगलं जनावर मालकाचं. दळण त्याच्याच चक्कीत. दळणावळ उत्तर इंग्लंडात बऱ्याच ठिकाणी तेरावा हिस्सा, दक्षिणेत कमी. घरात जातं सापडलं की जप्त.

पाचर: पाणचक्कीला बांध, पाट, ओकचं चाक, दगड लागतात, दगडांना वरचेवर टाकी लावावी लागते. हक्काचं गिऱ्हाईक नसेल तर कोण बांधेल? शिवाय बायकांचे जात्यावरचे तास वाचले.

गावकुस: वा! मग सेंट ऑल्बन्सचा मठाधिपती रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड याने 1331 च्या सुमारास लोकांची घरची दळायची जाती काढून घेऊन त्यांची मठात फरशी का केली? बायकांच्या सोयीसाठी? 1381 च्या शेतकरी बंडात लोकांनी तीच फरशी उखडली, दगड फोडले आणि चर्चमधल्या रविवारच्या पावासारखे तुकडे वाटून घेतले. तुमचं ‘हक्काचं गिऱ्हाईक’ पन्नास वर्षं हे विसरलं नव्हतं.

ताम्रपट: धागा सरंजामशाहीच्या उगमाचा आहे, पिठाचा नाही.

गावकुस: घोडेस्वाराचं चिलखत या पिठातूनच आलं, महाराज.

पाचर: सेंट ऑल्बन्सचे ते लोक शहरवाले होते, भूदास नव्हेत. पण असो, वेठीचं मान्य. त्रिकोणाच्या तळाशी एक जातं काढून देतो, चालेल?

गावकुस: जप्त केलेलं काढा.