पुरातन रायफल कोणती, हे सनाने ठरवावे की काडतुसाने?

दफ्तरदार (धागाकर्ता):
अमेरिकेच्या १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यानुसार १८९८ साली किंवा त्यापूर्वी तयार झालेले हत्यार ‘पुरातन’ ठरते आणि त्या कायद्यापुरते ते अग्निशस्त्र राहतच नाही. परिणामी अशी रायफल विकण्यासाठी संघराज्याचा परवाना लागत नाही, खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासावी लागत नाही आणि संघराज्याच्या कायद्यापुरते बोलायचे तर ती परराज्यातील ग्राहकाच्या घरच्या पत्त्यावर थेट पाठवता येते. १८९९ ची रायफल विकत घेणारा परराज्यातला असेल, तर मात्र ती परवानाधारकाकडेच पाठवावी लागते.

स्वीडनच्या कार्ल गुस्ताफ कारखान्यातली, १८९६ च्या नमुन्याची माउझर रायफल घ्या. नळी जिथे बसते त्या कड्यावर सन कोरलेले असते. १८९८ आणि १८९९ चे नग शेजारी ठेवले, तर त्या कोरलेल्या आकड्यांखेरीज फरक दाखवणे जाणकारालाही कठीण जाईल. दोन्ही रायफली एकाच ६.५ मिलिमीटरच्या काडतुसावर चालतात आणि ते काडतूस आजही कारखान्यांत तयार होऊन शिकाऱ्यांच्या वापरात आहे. असे असताना पहिली घरपोच जावी आणि दुसरीसाठी कागदपत्रे व तपासणी लागावी, यात सुरक्षिततेचा विचार नेमका कुठे आहे? हत्यार जुने आहे का, यापेक्षा त्याचे काडतूस आज सहज मिळते का, हा प्रश्न कायद्याने विचारायला हवा. ब्रिटनने साधारण हाच मार्ग स्वीकारला आहे.

चकमक:
आपला आक्षेप तर्काला धरून आहे, पण व्यवहाराला धरून नाही. फौजदारी कायद्याची पहिली अट ही की, आपण गुन्हा करतो आहोत की नाही हे सामान्य माणसाला आधीच कळले पाहिजे. सन वाचता येते; हत्याराची क्षमता तज्ज्ञाकडून ठरवून घ्यावी लागते आणि दोन तज्ज्ञांचे मत जुळेलच असे नाही. भारताच्या शस्त्र अधिनियम, १९५९ चे कलम ४५ पाहा. कालबाह्य, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त हत्याराला तिथे सूट आहे, पण ते दुरुस्ती करूनही चालण्याजोगे नसेल तरच. ‘दुरुस्ती करूनही’ या दोन शब्दांत मालकाची सगळी झोप उडते, कारण कुशल कारागिराच्या हाती दिल्यावर कुठली ठासणीची बंदूक चालणार नाही, हे छातीठोकपणे कोण सांगणार?

ब्रिटनची पद्धतही आपण समजता तेवढी सोपी नाही. २०२१ च्या नियमांनी १ सप्टेंबर १९३९ ही निर्मितीची मर्यादा घातली, कालबाह्य काडतुसांची, म्हणजे ज्यांच्यासाठीच्या जुन्या हत्यारांना परवाना लागत नाही अशा काडतुसांची, यादी कायद्यात आणली आणि पूर्वी यादीत असलेली सात काडतुसे वगळली; .४४ स्मिथ अँड वेसन रशियन हे रिव्हॉल्व्हरचे काडतूस त्यांपैकीच एक. जे हत्यार तोवर शोभेची वस्तू म्हणून भिंतीवर होते, त्याच्या मालकाला परवाना घेणे किंवा ते हत्यार हातावेगळे करणे भाग पडले. यादी बदलते, १८९८ हे साल बदलत नाही.

दफ्तरदार:
यादी बदलते, हाच तिचा गुण आहे. ती सात काडतुसे उगाच वगळलेली नाहीत. बर्मिंगहॅमच्या न्यायालयाने २०१७ मध्ये एका परवानाधारक विक्रेत्याला तीस वर्षांची शिक्षा दिली, कारण तो जुनी हत्यारे आणि त्यांच्यासाठी स्वतः बनवलेली काडतुसे गुन्हेगारांपर्यंत पोहोचवत होता. असे काही घडल्यावर सनाची गोठलेली रेषा काय करणार?

नोंदवही:
मला दोघांचेही पुरते पटत नाही. बर्मिंगहॅमच्या प्रकरणातील धोका खिशात लपणाऱ्या हत्यारांचा होता. सुमारे चार फूट लांबीची, एका वेळी एकच गोळी झाडणारी मार्टिनी-हेन्री रायफल घेऊन कोणी दरोडा घालायला निघत नाही. धाग्याचा विषय रायफल असेल, तर रिव्हॉल्व्हरचे दाखले बाजूला ठेवावेत.

आता ‘सन वाचता येते’ या दाव्याविषयी. अमेरिकेत सन नळीचे धरत नाहीत, मूळ सांगाड्याचे, म्हणजे रिसीव्हरचे धरतात. फिनलंडने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बनवलेल्या एम-३९ रायफलींच्या नळीवर १९४१ किंवा १९४२ दिसते, पण त्यांतील अनेकींचे रिसीव्हर रशियातले, १८९० च्या दशकातले आहेत. ते सन रिसीव्हरच्या शेपटाच्या खालच्या बाजूला असते. लाकडी दस्त्यातून लोखंड बाहेर काढल्याशिवाय ते दिसत नाही. म्हणजे महायुद्धात घडवलेली लष्करी रायफल ‘पुरातन’ आणि नुसते छायाचित्र पाहणाऱ्याला त्याचा पत्ताच नाही!

पाठवणीचा घोळ याहून मोठा आहे. त्याच अमेरिकेत निर्यातीच्या नियमांत पुरातन हत्याराची मर्यादा १८९० पूर्वीची आहे, त्यामुळे १८९५ ची रायफल देशात मोकळी असली तरी सीमेवर नियंत्रित माल ठरते. राज्यांचे कायदे वेगळे असू शकतात आणि खासगी कुरिअर कंपन्या कायद्याने मुभा दिलेली वस्तूही स्वतःच्या अटींवर नाकारू शकतात. बंदुकीची काळी दारू सोबत पाठवण्याचा विचार तर कोणी करूच नये. ती स्फोटक आहे, पाठवणीत तिला ‘पुरातन’ची सवलत लागू होत नाही. भारतात तर चित्र उलटे होते: १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार वस्तूला शंभर वर्षे झाली की खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. एकीकडे वय रायफलीला मोकळे करते, दुसरीकडे तेच तिला अडकवते.

चकमक:
दस्त्याआड दडलेल्या सनाचा मुद्दा मान्य, पण त्यावरचा उपाय सोपा आहे. विक्रेत्याने लोखंड बाहेर काढून त्या खुणेचे छायाचित्र काढावे आणि त्याची प्रत पार्सलमध्ये ठेवावी. काडतुसाच्या कसोटीला असा उपाय नाही. पितळी पुंगळी, साचा आणि शिसे घेऊन बसणारा हौशी माणूस ‘न मिळणारे’ काडतूसही घरी भरू शकतो, मग ‘सहज मिळणारे’ म्हणजे किती सहज? अमेरिकेच्या त्या १९६८ च्या कायद्यानेही हा प्रश्न मूळ हत्यारांना लावलेला नाही, तो केवळ नव्याने बनवलेल्या प्रतिकृतींसाठी राखून ठेवला आहे.

दफ्तरदार:
म्हणजे प्रतिकृतीला ती कसोटी लावताना ती पुरेशी स्पष्ट असते आणि मूळ हत्याराला लावताना संदिग्ध होते, असे आपले म्हणणे आहे का? शब्द तेच आहेत, न्यायालयही तेच आहे. १८९८ च्या माउझरला ती कसोटी लावली असती, तर उत्तर द्यायला तज्ज्ञही लागला नसता.