घर हरवलेल्या मुलांच्या गोष्टी वर्गात कशा वाचाव्यात?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी मराठवाड्यातील एका जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला मराठी शिकवते. वर्गात ३१ मुले आहेत. दिवाळी झाली की त्यांपैकी ७-८ जणांचे आईवडील ऊसतोडीला जातात. काही मुले आजी-आजोबांजवळ मागे राहतात, काहींच्या जेवणाची सोय हंगामी वसतिगृहात होते, आणि दोघे-तिघे दरवर्षी आईवडिलांबरोबर फडावर जाऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात.

गेल्या महिन्यात मी ‘श्यामची आई’मधील सदतिसावी रात्र, ‘अब्रूचे धिंडवडे’, वर्गात मोठ्याने वाचत होते. कर्ज फिटत नाही म्हणून घरावर जप्ती येते आणि गावात तशी दवंडी पिटली जाते, तो भाग आला तेव्हा तिसऱ्या ओळीतील एका मुलीने मान खाली घातली आणि वहीच्या पुठ्ठ्यावर नखाने रेघा ओढायला सुरुवात केली. तिच्या शेजारणीने वळून तिच्याकडे पाहिले, मग मागच्या दोघांनी पाहिले. मी वाचन थांबवले आणि व्याकरणाचा धडा घेतला.

तेव्हापासून मन अस्वस्थ आहे. ज्यांच्या घरी हीच परिस्थिती आहे, त्यांच्यासमोर अशा गोष्टी वाचाव्यात की नाही? वाचायच्या असतील तर ज्यांत कुटुंबाचे घरच सुटलेले आहे, आणि तरीही मूल केवळ रडत बसलेले नाही, अशी मुलांसाठी लिहिलेली पुस्तके कोणती? इंग्रजी पुस्तक असेल तरी चालेल, मी ते मराठीतून सांगेन.

पुस्तकपेटी

ताई, वाचन थांबवू नका, एवढे आधी सांगतो. मी गेली काही वर्षे वस्तीतील मुलांसाठी शनिवारी पुस्तकांची पेटी उघडून बसतो. आपण लिहिलेला प्रसंग थोड्याफार फरकाने माझ्याही समोर घडलेला आहे.

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहून काढली. त्या पुस्तकाविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे, परंतु तिथे गोष्ट सांगणारा श्याम मोठा झालेला आहे आणि आई गेल्यानंतर तो मागे वळून पाहतो आहे. त्यामुळे प्रत्येक प्रसंगावर त्याच्या पश्चात्तापाची ओल आहे. आज ज्या मुलीच्या घरी ‘तेल आहे तर मीठ नाही’ अशी अवस्था आहे, तिला मागे वळून पाहण्याची सवड नसते. तिला उद्या सकाळचे पाहायचे असते. म्हणून ज्या गोष्टीत मूल आत्ता, या घटकेला काहीतरी करते आहे, अशी गोष्ट तिला अधिक जवळची वाटते, असा माझा अनुभव आहे.

प्रेमचंदांची ‘ईदगाह’ आपण वाचली असेलच. हमीदच्या खिशात तीन पैसे आहेत. मित्रांजवळ त्याच्याहून कितीतरी अधिक आहेत. ते खेळणी घेतात, मिठाई खातात. हमीद लोखंडी सामानाच्या दुकानापाशी थांबतो आणि चिमट्याची किंमत विचारतो. दुकानदार सहा पैसे सांगतो, मग पाचावर येतो, आणि हमीद मन घट्ट करून तीनच देईन म्हणतो. मी ही घासाघीस वाचतो तेव्हा मुले पुढे सरकून बसतात, कारण आईबरोबर बाजाराला गेलेल्या प्रत्येक मुलाला ती ठाऊक असते. तव्यावरून रोट्या उचलताना आजीची बोटे भाजतात हे त्याच्या लक्षात आहे, ही गोष्टीतील दुसरी बाजू. परंतु मुलांना पहिल्यांदा आवडतो तो हमीदचा हुशारपणा, आणि कणव त्यानंतर येते. मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो.

मोठ्या लांबीची गोष्ट हवी असेल तर अनिता देसाई यांची ‘द व्हिलेज बाय द सी’ घ्या. १९८२ साली आलेली ही कादंबरी आपल्या अलिबागजवळच्या थळ गावात घडते आणि तिला १९८३ चे गार्डियन बालसाहित्य पारितोषिक मिळाले होते. वडील दारूच्या नादी लागलेले, आई अंथरुणाला खिळलेली, आणि चार भावंडांचा संसार लीला व हरी या दोन मोठ्या मुलांच्या गळ्यात पडलेला. गावात खताचा कारखाना येणार म्हणून गावकरी मुंबईला मोर्चा घेऊन जातात, त्यांच्याबरोबर हरी जातो आणि परत येत नाही. तो एका साध्या खाणावळीत काम करू लागतो, उकाडा असह्य झाला की बागेत जाऊन झोपतो, आणि शेजारच्या घड्याळजीकडे घड्याळ उघडायला, पुसायला, पुन्हा जुळवायला शिकतो. थळला तो कारखाना पुढे खरोखरच उभा राहिला, ही बाब मुलांना आवर्जून सांगावी. गोष्टीतील गाव नकाशावर सापडले की मुले निराळ्या कानांनी ऐकतात.

इकडे लीला घर सांभाळते, तो भाग मला हरीच्या भागाइतकाच मोलाचा वाटतो. तो गाळून नुसती ‘मुंबईला गेलेल्या मुलाची’ गोष्ट सांगू नये, कारण मागे राहिलेल्या मुली आपल्या वर्गातही आहेत.

ओंटारिओकर

मी कॅनडात एका शाळेच्या ग्रंथालयात स्वयंसेविका म्हणून काम करते. इकडे या विषयावर मुलांसाठी बरेच लिहिले गेले आहे, त्यांतील तीन पुस्तकांविषयी लिहिते.

ईव्ह बंटिंग यांचे ‘फ्लाय अवे होम’ हे १९९१ चे चित्रपुस्तक आहे. त्यातील लहानगा अँड्र्यू आपल्या वडिलांबरोबर विमानतळावर राहतो. कुणाच्या डोळ्यांत भरायचे नाही, हा त्यांचा पहिला नियम. म्हणून एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत मुक्काम हलवायचा, प्रवाशांसारखे दिसायचे, मोठ्याने बोलायचे नाही. शेवटी त्यांना घर मिळत नाही. इमारतीत अडकलेला एक पक्षी उघड्या दारातून बाहेर पडलेला त्या मुलाने पाहिलेला असतो, तेवढेच त्याच्याजवळ राहते. मोजकी पाने आहेत आणि एका तासात सांगून होतात.

कॅथरीन ॲपलगेट यांच्या ‘क्रेनशॉ’ या २०१५ च्या कादंबरीतील जॅक्सनच्या कुटुंबाने पूर्वी काही आठवडे आपल्या गाडीतच काढलेले आहेत, आणि आता पुन्हा भाडे थकले आहे. घरातले सामान विकायला निघते, त्यावरून मुलगा काय ते ओळखतो, परंतु आईवडील हसतमुखाने विषय टाळतात. भूक लागली की तो आणि धाकटी बहीण कोरड्या न्याहारीचे दाणे लांबून टोपीत फेकण्याचा खेळ खेळतात, म्हणजे मूठभर खाणे पुष्कळ वेळ पुरते. मी हा खेळ वाचला आणि पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले.

तिसरे पुस्तक सुझिन नील्सन यांचे ‘नो फिक्स्ड ॲड्रेस’, २०१८ चे. व्हँकुव्हरमधील फेलिक्स आणि त्याची आई व्हॅनमध्ये राहतात आणि शाळेला ते कळू नये म्हणून त्याला सतत जपून बोलावे लागते. अशा गोष्टींत खरा पेच उपाशीपोटाचा नसतो, तर पत्ता लपवण्याचा असतो. अमेरिकेत १९८७ पासून मॅकिनी-व्हेंटो नावाचा कायदा आहे आणि त्यानुसार बेघर मुलाला पत्त्याच्या पुराव्याअभावी शाळाप्रवेश नाकारता येत नाही. कायदा आला तरी लपवण्याची सवय जात नाही, म्हणून या गोष्टी अजूनही लिहिल्या जातात.

ताई, आपल्या वर्गातील मुलीनेही बहुधा हेच केले असावे, म्हणजे सर्वांच्या नजरेतून निसटण्याचा प्रयत्न. चूक भूल द्यावी घ्यावी.

कोपीतला

मी ऊसतोड कामगाराचा मुलगा आहे आणि नववीपर्यंत दर हंगामात फडावर गेलो आहे, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. राग मानू नये.

वाचन सुरू होते तोवर ती मुलगी गोष्ट ऐकत होती. आपण थांबलात, व्याकरण काढलेत, आणि त्या क्षणी साऱ्या वर्गाला कळले की बाई कुणामुळे थांबल्या. माझ्या लहानपणी एका शिक्षकांनी गरिबीवरचा धडा झाल्यावर मला उभे करून ‘तुझा अनुभव सांग’ म्हटले होते. त्यांचा हेतू चांगला होता. मी दोन दिवस शाळेत गेलो नाही. थांबणे आणि उभे करणे या दोन्ही गोष्टी त्या मुलाकडे बोट दाखवतात. आपण पुढचा भाग त्याच आवाजात वाचला असता, तर ती गोष्ट श्यामची राहिली असती.

दुसरे असे की, आमच्यासारख्यांवर ज्या गोष्टी लिहिल्या जातात, त्यांत शेवटी शहरातून कुणी दादा किंवा साहेब येतो, मुलाला दप्तर देतो आणि शाळेत घालतो. त्या गोष्टीत मुलाला काही येतच नसते. आम्हाला पुष्कळ येत होते. बांबूच्या कामट्या वाकवून, चटई बांधून, वर प्लॅस्टिकचा कागद ओढून संध्याकाळच्या आत कोप, म्हणजे आमची झोपडी, उभी करायची, तिचे तोंड वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला ठेवायचे, तीन दगडांच्या चुलीत ओले जळण कसे पेटते, प्यायचे पाणी कोणत्या विहिरीचे आणि कोणत्या विहिरीचे मुळीच नाही, हे मला नवव्या वर्षी ठाऊक होते. आई-अण्णा पहाटे तीनला फडावर गेले की धाकटीला उठवून, तोंड धुवून, भाकरी बांधून तिला बांधावर न्यायचे काम माझे. दुपारी आई वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधी आणि मी त्या गावात विकून येई, त्यामुळे तोंडी हिशेबात वर्गात मला कुणी हरवत नसे. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम, म्हणजे उचल, किती फिटली, हे अण्णा रात्री मलाच विचारत.

नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी आमची मोजणी. त्या मोजणीत मुले कुठेच नाहीत. मुलांच्या गोष्टीने तरी त्यांना मोजावे, एवढीच माझी अपेक्षा आहे. आपल्या वर्गातून कुणी अशी गोष्ट लिहिलीच, तर ती छापण्यापूर्वी त्या मुलाला विचारा आणि नाव बदलू द्या.

आणखी एक. जी पुस्तके वाचाल, ती पेटीत नुसती ठेवून द्या आणि घरी नेऊ द्या. कुणी नेले याची चर्चा वर्गात नको. मी आमच्या शाळेतले एक पुस्तक दोन हंगाम ट्रॉलीतून नेले-आणले होते आणि त्यावर कोणीही मला प्रश्न विचारला नाही, हे मी आजही विसरलेलो नाही.

जुना वाचक

‘कोपीतला’ यांचे म्हणणे शंभर टक्के मान्य. फक्त एका मुद्द्यावर थोडा मतभेद नोंदवतो. वर ‘रडत बसलेले मूल नको’ असा सूर लागला आहे, तो फार ताणू नये. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘पथेर पांचाली’ची मुलांसाठी संक्षिप्त आवृत्ती बंगालीत निघाली होती आणि तिची चित्रे सत्यजित राय यांनी काढली होती. त्या गोष्टीत दुर्गा ही मुलगी मरण पावते आणि शेवटी कुटुंब गाव सोडते. मुलांना हे दुःख झेपणार नाही असे तेव्हाच्या प्रकाशकांना वाटले नाही. ज्या मुलाच्या घरी खरोखर काही वाईट घडले आहे, त्याला गोड शेवटाची गोष्ट खोटी वाटू शकते.

तरीही आधी स्वतः पूर्ण वाचल्याशिवाय वर्गात काही वाचू नये. पद्मा वेंकटरामन यांची ‘द ब्रिज होम’ ही २०१९ ची कादंबरी उत्तम आहे. वडिलांच्या मारहाणीला कंटाळून विजी आणि रुक्कू या बहिणी घर सोडतात आणि चेन्नईत एका पडक्या पुलावर दोन मुलांबरोबर राहू लागतात. कचरा वेचून पोट भरतात, आणि पुलावरचे ते बिऱ्हाड हळूहळू कुटुंब होते. परंतु त्यातील एक मूल आजारात दगावते, आणि हे ठाऊक नसताना मोठ्याने वाचायला बसलो तर वाचणाऱ्याचाच आवाज जातो. माझा गेला होता.

गोदाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘कोपीतला’ दादा, राग मुळीच आला नाही. मी थांबले ते तिच्यासाठी थांबले असे समजत होते. तिला ते कसे दिसले असेल, हे मला आपल्यामुळे कळले.

परवा मी अर्धवट राहिलेली रात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि त्यावर एकही प्रश्न विचारला नाही. काल थळची गोष्ट सांगायला घेतली. भिंतीवरच्या नकाशावर अलिबाग दाखवले, मोर्चा मुंबईला पोहोचला, आणि बाकीचे लोक गावाकडे परतले पण हरी मागे राहिला, इथे तास संपला. मुले दप्तरे भरत असताना तिसऱ्या ओळीतून प्रश्न आला, ‘‘बाई, तो राहिला हे त्याच्या आईला कुणी सांगितलं?’’

मी सोमवारी सांगते म्हणाले. आज संध्याकाळी तेवढ्यासाठी पुस्तक पुन्हा घेऊन बसले आहे.