रात्रीचा ओझोन जास्त कसा?
सूर्यप्रकाश नसतानाही हवाईतील मौना लोआ या ज्वालामुखी पर्वतावरच्या हवा-निरीक्षण केंद्रावर रात्रीचा ओझोन दिवसापेक्षा जास्त का दिसतो, या शंकेचे उत्तर वाऱ्यात आहे. सुमारे ३४०० मीटर उंचीवरील या केंद्राकडे दिवसा, पर्वताचा उतार तापल्यावर, समुद्रालगतची दमट आणि ओझोन कमी असलेली हवा चढत येते. रात्री उतार थंडावला की वरच्या थरांतील कोरडी, अधिक ओझोनयुक्त हवा खाली उतरते. म्हणून दीर्घकालीन कल पाहताना रात्रीच्या नोंदी वेगळ्या काढून त्यांच्या जोडीला आर्द्रताही तपासावी. सरसकट दैनिक सरासरी घेणे मला तरी पटत नाही. राहिला प्रश्न ओझोन मोजणाऱ्या उपकरणाचा. ते ओझोनमुळे होणारे २५४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशाचे शोषण मोजते. मात्र हवा आत घेणारी नळी टेफ्लॉनचीच आणि स्वच्छ हवी, कारण मळलेल्या नळीत किंवा गाळणीत ओझोन वाटेतच नष्ट होतो आणि आकडा विनाकारण कमी येतो.